रात्रीच्या दशावतारासाठी पहिला कॅमेरा: कॅनन आर५० की निकॉन झेड५०-२?

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातले दोघे भाऊ. थोरला एका दशावतारी नाटक मंडळीत पायपेटीवर बसतो. धाकटा कॉलेजात आहे आणि आजवर मोबाइलवर चित्रीकरण करत आला आहे. दोघांना मिळून पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यायचा आहे. कामे दोन. पूर्ण आख्यान आवाजासकट चित्रित करून ठेवायचे आणि मंडळीच्या जाहिरातीसाठी, नटांना देण्यासाठी छापण्याजोगे फोटो काढायचे. हाताशी सव्वा लाख रुपये, आणि लेन्स, कार्ड, ट्रायपॉड, माइक सगळे त्यातच बसवायचे. प्रकरण एका ठराविक गरजेचा नमुना म्हणून मांडले आहे. ज्यांना लग्ने किंवा प्रवास टिपायचा आहे त्यांचे उत्तर वेगळे येऊ शकेल, पण तपासण्याची रीत हीच राहील.

जत्रेतले नाटक सुरू व्हायला मध्यरात्र होते आणि दहीकाला होईपर्यंत उजाडते. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, सरस्वती, सांकासुर यांची सोंगे. मग आख्यान, तेही तीन-साडेतीन तास चालणारे. संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतो, त्यामुळे हुकलेले वाक्य पुन्हा मिळत नाही. रंगमंचावर एक बाकडे, मागे पडदा, वर टांगलेले माइक आणि उजेडाला एलईडीचे फ्लड, कुठे जुन्या ट्यूब, कुठे रंगीत दिवे. वीज बऱ्याच ठिकाणी जनरेटरची. कॅमेरा या रात्रीला पुरा पडतो का, एवढेच पाहायचे आहे.

यादीत दोनच का उरले

सोनी झेडव्ही-ई१० (२०२१) आणि निकॉन झेड३० (२०२२) हे दोन्ही स्वस्त आहेत आणि व्हिडिओसाठी लोक ते आवडीने घेतात. या कामातून ते बाद झाले ते व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नसल्यामुळे. अंधारात, खुर्च्यांच्या मधोमध उभे राहून पडद्यावर बघत फोटो काढले की मागच्या रांगांच्या डोळ्यांवर तो उजेड येतो. दोन-तीनदा झाले की लोक बसायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. व्ह्यूफाइंडर असला की पडदा आत वळवून बंद ठेवता येतो.

उरले कॅनन ईओएस आर५० (फेब्रुवारी २०२३) आणि निकॉन झेड५०-२ (नोव्हेंबर २०२४). दोन्ही एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचे. कॅनन २४.२ मेगापिक्सेल, निकॉन २०.९. हा फरक छापताना कळत नाही, ए३ पोस्टरपर्यंत तर अजिबात नाही. दोघांच्याही बॉडीत स्थिरीकरण (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवण्याची सोय) नाही, जे आहे ते लेन्समध्ये. बॅटरी आणि कार्डासकट कॅनन ३७५ ग्रॅम, निकॉन ५५०. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत कॅननची ६७९ डॉलर, निकॉनची ९०९ डॉलर होती. आपल्याकडचे भाव सणासुदीच्या सवलतींनी हलत राहतात, पण निकॉनला साधारण तिसरा हिस्सा जास्त मोजायचा हे प्रमाण धरून चालायला हरकत नाही. म्हणजे प्रश्न असा: त्या जादा पैशात या रात्रीपुरते काय मिळते, आणि तेच पैसे कॅननच्या लेन्सवर घातले तर काय मिळते?

आधी उजेड मोजा

कॅमेऱ्यांची तुलना वाचण्याआधी एक आकडा हवा, रंगमंचावर उजेड किती पडतो तो. मोबाइलवर लक्स मोजणारे फुकट ॲप मिळते. नाटक सुरू होण्याआधी दिवे लागले की नट जिथे उभा राहतो तिथे जा, मोबाइलची पुढची बाजू प्रेक्षकांकडे करून छातीच्या उंचीवर धरा, आणि तीन जागी मोजा: मध्ये, बाकड्यापाशी आणि कडेला. मोबाइलचा आकडा काटेकोर नसतो, पण १०० आणि ४०० यातला फरक तो नीट दाखवतो. इथे २०० लक्स धरू.

आता हिशेब. लागणारा आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) साधारण असा निघतो: एफ-क्रमांकाचा (लेन्सच्या छिद्राचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठे छिद्र) वर्ग, गुणिले शटरचा खालचा आकडा (१/२५० असेल तर २५०), गुणिले २५०, भागिले लक्स.

बोलणाऱ्या, हातवारे करणाऱ्या नटासाठी १/२५० शटर लागते. कॅननची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) १८-४५ मिमी एफ/४.५-६.३ आहे, निकॉनची १६-५० मिमी एफ/३.५-६.३. नट जवळ दिसावा म्हणून दोन्ही लेन्स टोकापर्यंत नेल्या की एफ/६.३ वर येतात. ६.३ चा वर्ग सुमारे ३९.७. हिशेब केला की आयएसओ जवळजवळ १२,४०० येतो. युद्धनृत्यासाठी १/५०० घेतले तर दुप्पट. कॅननचा आयएसओ ३२,००० पर्यंत जातो आणि निकॉनचा ५१,२०० पर्यंत, म्हणून फोटो निघेल, पण मुकुटावरची जर, डोळ्यांभोवतीची रेघ, कपाळावरची नक्षी हे सगळे पुसल्यासारखे होते. दशावतारी रंगभूषेत तीच तर टिपायची असते. आमच्या मते या आकाराच्या सेन्सरवर ६,४०० ही छापायच्या फोटोची वरची मर्यादा धरावी, आणि ३,२०० च्या आत राहिलात तर उत्तम.

तोच उजेड, तेच १/२५०, पण लेन्स एफ/१.८ असेल तर आयएसओ सुमारे १,०००. एफ/२ ला १,२५०. एफ/२.८ ला २,४५०. दोन बॉडींमध्ये फोटोतल्या दाण्यांचा जो फरक आहे तो डोळ्यांना शोधावा लागतो, आणि लेन्स बदलल्यावर मात्र बारापट उजेड आत येतो. म्हणून बॉडी बघून खरेदी ठरवणे इथे चूक. बॉडी आणि लेन्स मिळून जो संच होतो त्याची तुलना करायची.

व्हिडिओचा हिशेब मात्र निराळा निघतो, आणि तो बहुतेक जण करत नाहीत. २५ फ्रेमच्या व्हिडिओला शटर १/५० ठेवायचे. सहा मीटर रुंदीचा रंगमंच आठ मीटरवरून पूर्ण चौकटीत घ्यायला दोन्ही कॅमेऱ्यांना ३० मिमीच्या आसपास लेन्स लागते. तिथे किट लेन्स एफ/५ ते एफ/५.६ च्या दरम्यान असते. आयएसओ निघतो १,६०० ते २,०००. म्हणजे त्याच २०० लक्समध्ये किट लेन्स फोटोला नापास आणि व्हिडिओला पास. हे कळले की पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरते: झूम लेन्स व्हिडिओसाठी किटचीच ठेवा, आणि फोटोसाठी एक मोठ्या छिद्राची स्थिर (झूम न होणारी) लेन्स घ्या.

यातून आणखी एक गोष्ट निघते. दोन्ही कंपन्यांचे दोन लेन्सचे किट दुकानदार आवर्जून पुढे करतो. कॅननचे ५५-२१० मिमी एफ/५-७.१ सोबत, निकॉनचे ५०-२५० मिमी एफ/४.५-६.३ सोबत. मागच्या रांगेतून नटाचा चेहरा जवळ दिसेल, हे खरे. पण २१० मिमीला एफ/७.१ असते आणि १/२५० वर आयएसओ १६,००० च्या घरात जातो. दिवसा पालखीला ही लेन्स छान चालेल. रात्रीच्या नाटकाला ती घेऊ नये. तेवढे पैसे स्थिर लेन्सला द्यावेत आणि फोटोवाल्याने सरळ पुढे जाऊन बाजूला बसावे.

लेन्सचा बाजार

कॅननकडे आरएफ ५० मिमी एफ/१.८ आहे. १६० ग्रॅमची, स्वस्त आणि या सेन्सरवर ८० मिमीसारखी दिसणारी. आठ मीटरवरून साडेतीन मीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो, म्हणजे दोन पात्रे उभी-आडवी नीट बसतात. निकॉनकडे झेड ४० मिमी एफ/२, १७० ग्रॅमची. तीच आठ मीटरवरून ४.७ मीटर घेते. राजा, राणी आणि मध्ये बाकडे असा प्रसंग एका चौकटीत येतो. दशावतारात पात्रे सतत जागा बदलतात, म्हणून थोडी मोकळी चौकट बरी, नंतर कापता येते. या बाबतीत ४० मिमी अधिक सोयीची. निकॉनची डीएक्स (एपीएस-सी सेन्सरसाठीची) २४ मिमी एफ/१.७ सुद्धा आहे, पण ती रंगमंचाच्या अगदी कडेला बसणाऱ्यासाठी.

कॅननचे पारडे एका ठिकाणी स्पष्ट जड होते. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांना आरएफ माउंटसाठी (कॅननच्या लेन्सच्या जोडणीसाठी) एपीएस-सी लेन्स काढायची परवानगी मिळाली आणि सिग्माची १८-५० मिमी एफ/२.८ कॅननवर आली. पूर्ण झूममध्ये एफ/२.८, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. फोटो १/२५० ला आयएसओ २,४५० वर आणि युद्धनृत्य १/५०० ला ४,९०० वर, तेही लेन्स न बदलता. धूळ उडत असताना, अंधारात, मांडीवर लेन्स बदलणे टळते हा फायदा कोकणातल्या जत्रेत मोठा आहे. या लेन्समध्ये स्थिरीकरण नाही आणि आर५० च्या बॉडीतही नाही, त्यामुळे हातात धरून व्हिडिओ हलेल. ट्रायपॉडवर काही अडचण नाही. निकॉनने २०२५ मध्ये स्वतःची डीएक्स १६-५० मिमी एफ/२.८ काढली, तिच्यात स्थिरीकरणही आहे, पण ती घेतली तर सव्वा लाखात माइक आणि ट्रायपॉडला काही उरत नाही.

म्हणून खरी लढत या दोन संचांची झाली: कॅनन आर५० बॉडी अधिक सिग्मा १८-५० एफ/२.८, विरुद्ध निकॉन झेड५०-२ किट लेन्ससकट अधिक ४० मिमी एफ/२. दोन्हींची बेरीज फार दूर जात नाही.

शटर आणि दिव्यांची थरथर

आर५० ला यांत्रिक शटर नाही, असे सर्रास सांगितले जाते आणि त्यावरून लोक घाबरतात. नेमके काय आहे ते समजून घ्यावे. आर५० मध्ये पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आहे, दुसरा पडदा खराखुरा आहे. या पद्धतीत सेन्सर ओळीओळीने सुरू होण्याचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवलेला असतो, त्यामुळे दिव्यांखाली तो पूर्ण यांत्रिक शटरसारखाच वागतो. त्याचा तोटा दिसतो तो एफ/१.८ सारखे छिद्र आणि १/१००० च्या पुढचे शटर एकत्र आले तर. मागचे धूसर गोल कापल्यासारखे होतात. रात्रीच्या रंगमंचावर त्या वेगापर्यंत कुणी जातच नाही. या कामापुरता हा मुद्दा वगळावा.

वगळू नये तो मुद्दा पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरचा. आर५० ची सेकंदाला १५ फोटोंची गती पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर मिळते, १२ ची दुसऱ्या पद्धतीने. झेड५०-२ यांत्रिक शटरवर ११ देतो. शिवाय त्यात बटण दाबण्याआधीचा क्षण टिपण्याची सोय आहे, पण तीही इलेक्ट्रॉनिक शटरवर आणि फक्त जेपेगमध्ये. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हलक्या ड्रायव्हरचे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली सावकाश वाचते, आणि मधल्या वेळात दिवा मंद झाला की फोटोत आडवे काळे पट्टे उतरतात. ते नंतर काढता येत नाहीत. म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांत मूक किंवा इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवावे. पखवाज आणि झांजेपुढे शटरचा आवाज कुणाला ऐकूही येत नाही. थरथर कमी करण्याची सोय दोघांतही आहे, ती चालू करावी. ती १०० हर्ट्झच्या थरथरीला उपयोगी पडते. डिमरवर लावलेल्या रंगीत एलईडीची थरथर याहून पुष्कळ वेगवान असते, तिथे शटर १/१०० वर आणून पाहावे.

व्हिडिओत नेमकी उलटी चूक होते. डब्यातून काढलेला कॅमेरा कधी कधी एनटीएससी या ६० हर्ट्झ विजेच्या देशांतल्या पद्धतीवर असतो: ३० फ्रेम, १/६०. तसाच वापरला की पडद्यावर वर-खाली सरकणारे पट्टे दिसतात आणि कॅमेरा बिघडला असे वाटते. आर५० मध्ये व्हिडिओ पद्धत पाल (५० हर्ट्झसाठीची) करावी, मग २५ फ्रेमचा पर्याय येतो. झेड५०-२ मध्ये थेट २५ निवडावे. शटर हाताने १/५०. एवढे करूनही पट्टा अगदी हळू सरकताना दिसला तर दोष जनरेटरचा. भार वाढला-कमी झाला की त्याची वारंवारता ५० वरून थोडी ढळते. उपाय कॅमेऱ्यात नाही. विद्युतवाल्याला रंगमंचाचे फ्लड चांगल्या ड्रायव्हरचे लावायला सांगणे हाच इलाज, आणि मंडळीत घरचा माणूस असेल तर ते जमते.

साडेतीन तासांचे आख्यान

फोटोंच्या बाबतीत सिग्मासह कॅनन सरस ठरत असताना निकाल फिरला तो इथे.

आर५० चे एक चित्रीकरण जास्तीत जास्त एक तास चालते आणि थांबते. झेड५०-२ चे १२५ मिनिटे. साडेतीन तासांच्या आख्यानाला कॅननवर चार तुकडे, निकॉनवर दोन. तुकडे जोडणे अवघड नाही, पण कॅमेरा ज्या क्षणी थांबतो तो क्षण आपण निवडलेला नसतो. संवाद ऐन रंगात असताना दहा-पंधरा सेकंद गेले तर ते गेलेच. निकॉनवर दीड तास झाल्यावर गायन सुरू होण्याची वाट पाहून, पद चालू असताना हाताने थांबवून पुन्हा सुरू करता येते. कॅननवर हेच दर पन्नास मिनिटांनी करावे लागते. करता येते, पण रात्री अडीच वाजता माणूस पेंगतो.

दुसरी बाब आवाजाची, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठी. दोघांनाही ३.५ मिमी माइकचे सॉकेट आहे. हेडफोनचे सॉकेट फक्त निकॉनला. आख्यानाच्या चित्रीकरणात चित्र थोडे दाणेदार आले तर चालते. आवाज फाटला तर ते चित्रीकरण बघवत नाही, आणि अशा नाटकात तर संवाद हीच मूळ वस्तू आहे. पडद्यावरची आवाजाची पट्टी हलताना दिसते, पण ती माइकची घरघर, सैल पिनची कुरकुर, जनरेटरची गुणगुण दाखवत नाही. ती कानालाच कळते. कॅनन घेतला तर आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर घ्यावा, त्यावर हेडफोन लावावा, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी आणि नंतर जुळवावे. यात काही चुकीचे नाही, उलट वेगळा रेकॉर्डर कधीही अधिक भरवशाचा. पण त्याची किंमत कॅननच्या बाजूला मिळवायला हवी, आणि तशी मिळवली की दोन संचांतला फरक आणखी आटतो.

माइकची जोडणी दोन्हीकडे सारखीच. ध्वनिवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर आणली तर लाइन लेव्हलचा जोरदार सिग्नल माइकच्या सॉकेटात जातो आणि आवाज पहिल्यापासून फाटतो. मध्ये २० ते ४० डेसिबल कमी करणारी ॲटेन्युएटर वायर लावावी. कॅमेऱ्यातली आपोआप पातळी बंद करावी. ती चालू असली की झांज-पखवाजाच्या ठोक्याबरोबर कॅमेरा आवाज खाली ओढतो आणि पुढचे दोन-तीन शब्द दबतात. पातळी हाताने ठेवावी, पखवाजाचा मोठ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलपर्यंत जाईल अशी. संवाद त्याहून बराच खाली राहील, तो नंतर उचलता येतो.

चित्राचा दर्जा दोघांचा चांगला आहे. ४के २५ फ्रेमला दोघेही सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतात. निकॉन ४के ६० देतो, पण चौकट बरीच कापून, आणि या कामाला ते लागत नाही. निकॉनमध्ये १०-बिट आणि एन-लॉग (रंग नंतर घडवण्यासाठीचे फिके चित्रीकरण) आहे, आर५० मध्ये लॉग नाही. पहिल्या वर्षी लॉगच्या वाटेला जाऊ नये. कमी उजेडात लॉग नीट हाताळला नाही तर सावल्यांत दाणे वाढतात. साधे चित्र, हाताने ठेवलेले व्हाइट बॅलन्स एवढे पुरे. ते आपोआपवर ठेवले तर रंगीत दिवा बदलला की चेहऱ्याचा रंग मध्येच सरकतो.

कार्डाचा हिशेब: आर५० चे ४के ३० फ्रेमपर्यंतचे साधे चित्रीकरण सेकंदाला १२० मेगाबिटचे आहे, म्हणजे तासाला ५४ जीबी. साडेतीन तासांना १८९. २५६ जीबीचे व्ही३० (लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) कार्ड घ्यावे, आणि एक जास्तीचे. फुल एचडीला ३० मेगाबिट धरले तर सगळे आख्यान ५० जीबीच्या आत मावते. जपणूक म्हणून ४के, नुसते नटांना दाखवायचे असेल तर फुल एचडी. फुल एचडीला कॅमेरा कमी तापतो, हेही मार्च-एप्रिलच्या उकाड्यात ध्यानात ठेवावे.

बॅटरी दोघांचीही लहान. कॅननची १०४० एमएएच, निकॉनची १२५०, पण निकॉनची बॉडी खाते जास्त आणि प्रमाणित चाचणीत पडद्यावर तिचे २५० फोटो धरले जातात. सलग व्हिडिओला एका बॅटरीवर तासाभराच्या पुढे भरवसा ठेवू नये. टाइप-सीतून पीडी (पॉवर डिलिव्हरी) पॉवर बँक लावून चालवावे, बॅटरी आत असू द्यावी. जनरेटरच्या पिनेवर चार्जर थेट लावू नये, दाब वरखाली होतो. पॉवर बँक घरून भरून न्यावी.

एक गोष्ट दोन्ही कॅमेऱ्यांत सारखीच त्रासदायक आहे. कार्ड आणि बॅटरी खालच्या एकाच झाकणात आहेत. ट्रायपॉडची मोठी प्लेट लावली की झाकण उघडत नाही आणि कार्ड बदलायला सगळे उतरवावे लागते. प्लेट अरुंद घ्यावी आणि खरेदीच्या वेळी लावूनच बघावी.

मुखवटे, चेहरे आणि बोटाखालची चाके

दोघांचीही डोळा ओळखून फोकस धरण्याची यंत्रणा उत्तम आहे. माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, वाहने दोघांनाही कळतात. रंगवलेल्या चेहऱ्यावर, टिकल्या आणि काजळ असले तरी, डोळा धरला जातो. अडते ते मुखवट्यापाशी. गणपतीचे सोंग किंवा काळ्या वेषातला सांकासुर समोर आला की डोळा सापडत नाही आणि फोकस मागच्या पडद्यावरच्या चित्राकडे किंवा शेजारच्या भटजीच्या चेहऱ्याकडे उडतो. आडदशावतारापुरते चेहरा शोधणे बंद करून लहान एका चौकटीचा फोकस ठेवावा, मुकुटाच्या आणि चेहऱ्याच्या सीमेवर धरावा, कारण नुसत्या काळ्या कापडावर फोकसला पकडायला काही नसते. आख्यान सुरू झाले की परत डोळ्यांवर.

उजेडाच्या मोजणीतही असेच होते. मागे काळोख, पुढे पांढरट रंगवलेला चेहरा. कॅमेरा काळोखाला भुलून उजेड वाढवतो आणि चेहरा पांढरा ढप्प होतो. निकॉनमध्ये तेजस्वी भागाला धरून मोजण्याची पद्धत आहे, ती इथे फार उपयोगी. कॅननवर स्पॉट (एका लहान भागाची) मोजणी घ्यावी किंवा उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे १ ठेवावी. खरे तर मॅन्युअलच बरे. दिवे रात्रभर फारसे बदलत नाहीत, एकदा ठरवले की सोडून द्यावे.

आणि मॅन्युअल म्हटले की चाकांचा प्रश्न येतो. निकॉनला दोन चाके आहेत, एकावर शटर, एकावर छिद्र. आर५० ला एकच. त्यावर दोन्ही बदलायचे तर बटण दाबून पालटावे लागते. बोलणे संपून अचानक युद्ध सुरू झाले की १/२५० वरून १/५०० वर जायला निकॉनवर बोट हलते, डोळा व्ह्यूफाइंडरवरून हटत नाही. कॅननची लेन्स घेतली तर तिच्यावरच्या फिरत्या कड्याला छिद्र नेमून देता येते आणि अडचण बरीच मिटते. सिग्माच्या लेन्सला ते वेगळे कडे नाही.

सलग फोटोंत आर५० चा तात्पुरता साठा (बफर) अपुरा पडतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) सात-आठ फोटो झाले की तो मंदावतो, कार्डाची खाचही संथ यूएचएस-१ प्रकारचीच. निकॉनची वेगवान यूएचएस-२ आहे. कॅननवर युद्धनृत्य जेपेगमध्ये घ्यावे किंवा तीन-तीन फोटोंच्या छोट्या झुबक्यांत. तलवार वर गेली की दाबायचे, खाली आली की सोडायचे. तालावर नाचणाऱ्या नटाच्या बाबतीत ठेका ओळखणाऱ्याला हे सोपे जाते, आणि या घरात तो कान आहे.

निर्णय

या दोघा भावांसाठी निकॉन झेड५०-२, १६-५० किट आणि ४० मिमी एफ/२. हेडफोनचे सॉकेट, १२५ मिनिटे आणि दोन चाके या तीन गोष्टींसाठी. जादा वजन ट्रायपॉडवर जाणवत नाही. आख्यान किट लेन्सवर चित्रित होईल. फोटो आडदशावताराचे आणि त्याआधी रंगभूषेचे, ४० मिमीवर. नट पेटाऱ्याशेजारी चटईवर बसून, आरसा हातात धरून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. तिथे एखादाच बल्ब असतो आणि एफ/२ ची खरी गरज तिथेच पडते. एकाच कॅमेऱ्यावर व्हिडिओ चालू असताना फोटो निघत नाहीत, हे आधीच मान्य करावे. ४के व्हिडिओतून काढलेली चौकट ८.३ मेगापिक्सेलची असते, पण १/५० वर हलता हात धूसर येतो. युद्धाचे फोटो हवे असतील तर त्याच आख्यानाच्या दुसऱ्या प्रयोगाला व्हिडिओ न करता जावे. मंडळीचे प्रयोग मोसमभर चालतात, संधी मिळते.

नुसते फोटोच काढायचे असते, आख्यानाचे चित्रीकरण दुसरा कुणी करत असता, तर आम्ही कॅनन आर५० आणि सिग्मा १८-५० एफ/२.८ सुचवला असता आणि उरलेल्या पैशात आरएफ ५० मिमी. खांद्यावर दिवसभर बाळगायलाही तोच संच हलका. मात्र घरात आधीचे फ्लॅश असतील तर लक्षात घ्यावे: आर५० च्या नव्या पद्धतीच्या शूवर (फ्लॅश बसवायच्या जागी) जुने फ्लॅश थेट चालत नाहीत, एडी-ई१ नावाचा जोड लागतो.

दुकानात काय करून बघायचे

आपले कार्ड, हेडफोन, माइक आणि ट्रायपॉडची प्लेट बरोबर न्या. एक कागदी मुखवटाही न्या, धाकट्याने तो चेहऱ्याला लावून उभे राहायचे आणि फोकस कुठे उडतो ते पाहायचे. दुकानातल्या एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटर लावून १/५०० ला फोटो काढा, मग नेहमीच्या शटरवर तोच. पट्टे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की पुन्हा ती चूक होत नाही. २५ फ्रेम, १/५० वर पाच मिनिटे व्हिडिओ घ्या, हेडफोनवर ऐका, आणि त्याच वेळी आपली पॉवर बँक लावून ती चार्ज करते की नुसती जोडलेली दिसते ते तपासा. पांढऱ्या कागदाचा एक फोटो एफ/१६ वर काढा. सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतील.

बिल जीएसटीचे, बॉडी आणि प्रत्येक लेन्सचा क्रमांक लिहिलेले घ्या, आणि हे क्रमांक डब्यावरच्या क्रमांकांशी ताडून पाहा. बाहेरून आणलेला माल चार-पाच हजारांनी स्वस्त मिळतो, पण त्याला भारतातली वॉरंटी नसते.

उरलेल्या पैशांतून एक खर्च चुकवू नका. कोकणातल्या हवेत आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, आणि नवी लेन्सही एका पावसाळ्यात खराब होऊ शकते. कॅमेऱ्याची चामडी पिशवी हे साठवायचे ठिकाण नव्हे, ती ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत अर्धा किलो रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५० वर राहिला पाहिजे. निळे जेल गुलाबी झाले, किंवा नारिंगी हिरवट झाले, की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास सुकवून परत घालावे. नाटकाहून पहाटे परतल्यावर कॅमेरा लगेच डब्यात टाकू नये. दव आणि घाम पुसून, पंख्याखाली तासभर उघडा ठेवून, मगच आत.